सशावरचे टाके : लठ्ठपणाच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाचं एक प्रकरण

लठ्ठपणावरच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेत नव्या सर्जनचा हात सगळ्यात जास्त अडतो तो पोटाच्या आत टाके घालताना. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम १५ ते ३० मिलीलीटरची पिशवी ठेवतात आणि तिला लहान आतडं जोडतात. हे सगळं पडद्याकडे बघत, दोन लांब दांड्यांच्या टोकाशी धरलेल्या वाकड्या सुईने करायचं. जोड गळला तर पेशंट दोन-तीन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतो, आणि शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाचं पोट दुखतंय ते कशाने हे बाहेरून ओळखणंही सोपं नसतं. हा हात पेशंटवर बसवू नये, यावर कुणाचंच दुमत नाही. मग तो कशावर बसवायचा?

पशुवैद्य म्हणून प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीवर काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे सशांच्या रूपाने येतो. अशा प्रस्तावांत जे मुद्दे पुन्हा पुन्हा निघतात ते एकत्र करून हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलं आहे. संस्था म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातलं एक वैद्यकीय महाविद्यालय असं धरा. नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

प्रस्ताव

सर्जरी विभागप्रमुखांनी फॉर्म बी, म्हणजे प्राणी-प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरून दिला. एमएस झालेल्या आणि बॅरिॲट्रिकमध्ये, म्हणजे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेत, पुढे जाऊ पाहणाऱ्या तरुण सर्जनांसाठी कार्यशाळा घ्यायची. विषय दोन: स्लीव्ह, म्हणजे जठराचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग काढून त्याची नळी करणं, आणि बायपास. प्राणी म्हणून न्यूझीलंड व्हाइट जातीचे, तीन ते चार किलोचे ससे, प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक. निम्मे ससे शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर जिवंत ठेवायचे आणि मग पोट उघडून जोड गळला का ते पाहायचं.

‘प्राणी का हवेत’ या रकान्यात सरांनी मिशिगनचा अभ्यास लिहिला होता, आणि तो खरोखर वजनदार आहे. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या या अभ्यासात २० बॅरिॲट्रिक सर्जननी आपल्या लॅप्रोस्कोपिक, म्हणजे दुर्बिणीच्या, बायपासचा एकेक व्हिडिओ दिला. इतर सर्जननी, कोणाचा व्हिडिओ आहे हे न कळता, हाताच्या कौशल्याला गुण दिले. मग ते गुण आणि त्या सर्जनांच्या पेशंटचं पुढे काय झालं हे ताडून पाहिलं. सगळ्यात कमी गुणांच्या गटात गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के, सगळ्यात वरच्या गटात ५.२ टक्के. मृत्यू ०.२६ टक्के आणि ०.०५ टक्के. लक्षात घ्या, हे सगळे कामात मुरलेले सर्जन होते, कोणी नवशिका नव्हता. हाताची सफाई पेशंटच्या जिवाशी इतकी थेट बांधलेली असेल तर ती आधी कमवायची सोय करणं ही वैद्यकीय महाविद्यालयाची जबाबदारीच आहे. सरांचं हे म्हणणं मला तेव्हाही पटलं, आजही पटतं.

मात्र या अभ्यासातून कौशल्याला किंमत आहे एवढंच सिद्ध होतं. ते सशावर येतं का, याबद्दल त्यात अक्षरही नाही. प्रस्ताव तपासताना पहिली गोम इथे सापडली.

ससाच का?

जगभर या कामाला डुक्कर वापरतात. जाक मारेस्को यांनी १९९४ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला स्थापन केलेल्या इरकाड या संस्थेत सर्जनांच्या कितीतरी तुकड्या डुकरावर दुर्बीण-शस्त्रक्रिया शिकून गेल्या. तीस-चाळीस किलोच्या डुकराचं जठर माणसाच्या जठराच्या बरंच जवळचं असतं. माणसासाठी बनवलेला स्टेपलर, म्हणजे ऊती कापून पिनांनी जोडणारं हत्यार, त्याच्या पोटात वळवता येतो. पण आपल्याकडे डुकरासारख्या मोठ्या प्राण्याचा प्रस्ताव संस्थेच्या समितीत मंजूर होत नाही, तो दिल्लीला केंद्रीय समितीकडे जातो. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. उंदीर, गिनीपिग, ससे यांचा निर्णय मात्र संस्थेच्या समितीतच होतो. शिवाय डुकरं ठेवायला प्राणिगृहात जागा नव्हती आणि सशांचे पिंजरे तयार होते. सरांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं. सोय हे कारण असू शकतं, पण सोयीमुळे सशाचं पोट माणसाच्या पोटासारखं होत नाही.

उंदराचं नावही बैठकीत निघालं. उंदरावर बायपास होतो, आणि त्या प्रयोगांनी विज्ञानात मोठी भर घातली आहे. शस्त्रक्रियेनंतर आतड्यातल्या संप्रेरकांचं काय होतं, भूक का मावळते, साखर वजन उतरायच्या आधीच का सुधारते, यातलं पुष्कळसं तिथे तपासलं गेलं. पण ते काम पोट उघडून, भिंगाखाली होतं आणि संशोधक करतात. पाव-अर्धा किलोच्या जनावरात दुर्बिणीच्या हत्यारांना फिरायला जागाच नसते. उंदराचा मुद्दा तिथेच संपला.

एका कलमाच्या दोन बाजू

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या १७व्या कलमात समितीने काय काय पाहायचं ते दिलं आहे. त्यातली तीन उपकलमं या प्रकरणाला अशी भिडतात की ती वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एक सांगतं की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी तेवढंच काम होत असेल तर वैद्यकीय शिक्षणात प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. दुसरं सांगतं की गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर यांच्यावर तेच साध्य होत असेल तर मोठे प्राणी घेऊ नयेत. आणि लगेच खालचं उपकलम सांगतं की निव्वळ हाताचं कौशल्य मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत.

सरांनी मधल्या उपकलमावर बोट ठेवलं: डुकराऐवजी ससा घेतोय, कायदा हेच सांगतो. समितीतल्या समाजप्रतिनिधी, निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्यांनी खालच्या उपकलमावर बोट ठेवलं. “सर, हे हाताचंच कौशल्य आहे ना? मग शक्यतो टाळायचं म्हटलंय.” दोघांचंही वाचन बरोबर होतं. शेवटचं उपकलम पूर्ण बंदी घालत नाही, पण पुराव्याचा भार प्रस्ताव आणणाऱ्यावर टाकतं. दुसऱ्या मार्गाने होत नाही, हे त्याने दाखवायचं.

ब्रिटनने या बाबतीत फार कडक रेघ ओढली. तिथे १८७६च्या कायद्यानेच हाताच्या सरावासाठी जिवंत प्राणी वापरायला मनाई केली. १९८६च्या कायद्याने सूक्ष्मशस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाला तेवढी सवलत दिली, तीही प्राणी भुलीतून पुन्हा जागा होणार नाही या अटीवर. युरोपीय संघाचा २०१० सालचा निर्देश मात्र व्यावसायिक कौशल्याच्या प्रशिक्षणाला मान्य हेतूंमध्ये धरतो. एकमेकांना लागून असलेल्या देशांत इतका फरक आहे, म्हणून आपल्या समितीने ‘बाहेर सगळीकडे करतात’ या वाक्यावर विसंबू नये असं मला वाटतं.

टेबलावर काय ठेवलं

बाईंनी विचारलं, “बोकडाच्या आतड्यावर हेच शिकता येत नाही का?” सर म्हणाले, “येतं बाई. बरंचसं येतं.” या प्रामाणिक उत्तराने बैठकीचा नूर बदलला. खाटकाकडून आणलेलं ताजं आतडं धुऊन पोटाची नक्कल करणाऱ्या ट्रेनिंग बॉक्समध्ये पिनांनी ताणून लावलं की सुई धरण्याचा कोन, पोटातल्या पोटात गाठ मारणं, सलग टाक्यात धागा ताणून ठेवणं, कोपऱ्यातला पहिला टाका, हे सगळं बसतं. घरी वजडी साफ केलेल्या माणसाला माहीत असतं की हा थर किती चिवट आणि निसरडा असतो. त्याच्या रक्तवाहिनीत रंगीत पाणी पंपाने सोडलं तर रक्तस्रावाचा काही अंशी भासही होतो. टील पद्धतीने मऊ राखलेल्या मृतदेहात तर माणसाच्याच पोटाची खरी मापं मिळतात. फक्त ती सोय मोजक्या ठिकाणी आहे.

मग जिवंत ऊतीशिवाय काय मिळत नाही? सरांनी आणि मी मिळून यादी केली, ती अपेक्षेपेक्षा छोटी निघाली. टाका जास्त आवळला की कडेचा रंग उडतो, तो दिसणं. आतडं आकुंचन पावून सुईखालून सरकणं. आतड्याच्या पडद्यातली बारीक वाहिनी तुटल्यावर पडदा लाल होऊ लागला की आधी काय करायचं, याचा निर्णय. आणि पातळ आतड्याची कड जोर लावताच फाटणं. हे मेलेल्या आतड्यावर कळत नाही, आणि पेशंटच्या जोडाचं भवितव्य यावर ठरतं.

आता सशाचं पोट पाहू. माझा अनुभव या जनावराचा आहे, म्हणून इथे जरा थांबते. सशाच्या पोटात सगळ्यात मोठा अवयव जठर नसतो, सीकम असतं. चारा आंबवणारी ती पिशवी पोटाची बरीचशी जागा व्यापते. पोटात वायू भरायची व्हेरेस सुई आंधळेपणाने घातली तर ती सीकममध्येच जायची भीती, म्हणून पहिला पोर्ट, म्हणजे हत्यारं आत घालायची नळी, उघड्या पद्धतीनेच घालायचा. ससा उलटी करू शकत नाही आणि त्याचं जठर उपाशी ठेवूनही रिकामं होत नाही. जास्त वेळ उपाशी ठेवलं तर आतड्यांची हालचालच मंदावते. त्यामुळे जठर उघडलं की आतून चाऱ्याचा लगदा येणार. पेशंटच्या जठरात असं काही नसतं. जठराची भिंत पातळ असते आणि आतडं जेमतेम सेंटिमीटरभर रुंद. माणसासाठी बनवलेला ६० मिलीमीटरचा स्टेपलर इथे उघडायलाही जागा नाही.

म्हणजे स्लीव्ह बाद. स्लीव्हचं सगळं मर्म स्टेपलरमध्ये आहे: कोणत्या जाडीला कोणत्या पिनांची कार्ट्रिज, जठरात मापासाठी घातलेल्या नळीला, म्हणजे बूजीला, किती चिकटून जायचं, प्लीहेजवळच्या वरच्या कोपऱ्यात किती अंतर सोडायचं. सशावर यातलं काहीच शिकता येत नाही. उलट हाताने शिवलेला जोड शिकायला सशाचं पातळ, निमुळतं आतडं माणसाच्या आतड्यापेक्षा अवघड आहे, आणि ती अडचण इथे फायद्याची ठरते.

लठ्ठ माणसाच्या शस्त्रक्रियेतला आणखी एक मोठा भाग सशात मुळीच नाही, तो म्हणजे लठ्ठपणा. पोटाच्या जाड भिंतीत अडकून हत्यार हाताला उलटा जोर देतं, चरबीने फुगलेला यकृताचा डावा भाग उचलून धरावा लागतो, चरबीच्या पडद्यात आतड्याचं सुरुवातीचं टोक शोधावं लागतं. सशाची पोटभिंत तर इतकी पातळ की ट्रोकार, म्हणजे पोर्टची नळी, कातडीला टाका मारून बांधावा लागतो, नाहीतर तो निसटून बाहेर येतो. सर यावर स्पष्ट होते: ‘बॅरिॲट्रिक कार्यशाळा’ हे नाव बदलून ‘पोटाच्या आतल्या हाती-जोडाची कार्यशाळा’ करतो. मला ती दुरुस्ती फार मोलाची वाटली. फक्त सशावर शिकून आलेल्या माणसाच्या मनात ‘मी बॅरिॲट्रिक शिकलो’ असा समज राहिला, तर पुढचा पेशंट त्याची किंमत मोजेल.

आठवडाभर जिवंत ठेवण्याला मी विरोध केला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सशाचं आतडं थंडावण्याची भीती फार असते. तो खाणं सोडतो, लेंड्या थांबतात, आणि वेदना लपवणारं जनावर असल्याने त्याचे हाल उशिरा लक्षात येतात. शिकाऊ हाताने घातलेल्या जोडासह त्याला जागं करायचं, ते कशासाठी? जोड गळतो का हे टेबलावरच मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडून पाहता येतं, माणसातही तसं पाहतात. यावर वाद झाला नाही.

मंजुरी

समितीने प्रस्ताव कापून मंजूर केला. स्लीव्ह वगळला. ससे भुलीतून जागे होणार नाहीत. एका सशावर दोन प्रशिक्षणार्थी, आलटून पालटून: एकाने शिवायचं, दुसऱ्याने कॅमेरा धरायचा आणि साहाय्य करायचं. लहान आतड्याच्या वेगवेगळ्या जागी आतडं-आतडं जोड आधी, जठराचा जोड शेवटी. त्याआधी प्रत्येकाने बॉक्समध्ये बोकडाच्या आतड्यावरचा पूर्ण जोड पास व्हायचा. त्याचं मूल्यमापन टोरांटोत तयार झालेल्या ओसॅट्स या गुणपद्धतीने, नाव झाकलेल्या व्हिडिओवर. जो पास होणार नाही त्याला ससा मिळणार नाही, त्याने फी भरली असली तरी. आणि भूल देणाऱ्या पशुवैद्याने थांबा म्हटलं की हत्यारं बाहेर.

औषधशास्त्र विभागाच्या सदस्यांनी एक चांगली सूचना केली. त्यांच्या आधीच मंजूर असलेल्या अभ्यासात शेवटी जे ससे मारले जातात, त्यांचा देह लगेच मिळाला तर पोर्ट लावणं आणि सशाच्या पोटाची ओळख त्यावर करून घेता येईल. रक्त वाहणार नाही, पण त्या कामाला ते लागतही नाही. नवा प्राणी न लागता एक पायरी वाढली.

कार्यशाळेच्या दिवशी

सकाळी प्राणिगृहातल्या मामांनी एक ससा बाजूला काढून ठेवला होता. “मॅडम, ह्याने रात्री लेंडी कमी टाकलीय. ह्याला नको.” मी तपासलं आणि त्याला यादीतून काढलं. मामांचं हे निरीक्षण कुठल्याही फॉर्मच्या रकान्यात बसत नाही, पण आजारी जनावराला भूल देण्याचं संकट त्यानेच टळलं.

केटामिन-झायलाझिन, मग कानाच्या कडेच्या शिरेत बारीक कॅन्युला, मग श्वासनलिकेत नळी. सशाचं तोंड फार उघडत नाही आणि पुढचे दात लांब, त्यामुळे नळी घालताना घाई केली की घसा आवळतो. डोळ्यांत मलम, खाली गरम गादी. डोक्याची बाजू थोडी वर, म्हणजे सीकमचं ओझं छातीवर येत नाही.

पहिल्या टेबलावर अर्ध्या तासात प्रशिक्षणार्थीचा प्रश्न आला. “मॅडम, प्रेशर बारावर घेऊ का? जागाच नाहीये.” पोट फुगवायच्या वायूचा माणसात १२ ते १५ मिलीमीटर पाऱ्याचा दाब नेहमीचा. मी म्हटलं, “आठच्या वर नको. श्वास बघा.” उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवरचा आकडा आधीच चढत होता. दाब सहावर आणला, थोडं थांबलो, आकडा खाली आला. त्या मुलाने उरलेला जोड त्या अपुऱ्या जागेतच पूर्ण केला, आणि त्याचं हत्यार चालवणं एकदम आवरतं, नेमकं झालं.

दुसऱ्या टेबलावरची मुलगी बॉक्समध्ये सर्वात सरस होती. तिने तिथल्याच सवयीने धागा ओढला आणि आतड्याची कड तीन टाक्यांवर चिरत गेली. बोकडाच्या आतड्याने तो ताण सोसला असता. ती थांबली, टाके काढले, कडेपासून जरा आत सुई घेतली आणि धागा साहाय्यकाला नुसता अलगद धरायला लावला. पुढच्या जोडाला निळा रंग सोडला तेव्हा गळती नव्हती. या एका गोष्टीसाठी ससा लागतो, असं सरांनी मला तिथेच दाखवलं, आणि मी ते मान्य केलं.

जठराचे जोड मात्र बहुतेकांचे लगद्यातच अडकले. सक्शनची नळी तुंबायची, दिसायचं बंद व्हायचं, आणि शिकण्याचा वेळ साफसफाईत जायचा. पुढच्या प्रस्तावात सशावरचा जठराचा जोड पूर्णच वगळावा, असं मी अहवालात लिहिलं. सरांनाही तसंच वाटतं. जठराच्या जोडाला कत्तलखान्यातून मिळणारं डुकराचं जठर जास्त चांगलं.

शेवटी भुलीतच औषधाची जास्त मात्रा देऊन ससे संपवले. प्रत्येक सशाचा मृत्यू मी स्टेथोस्कोप लावून पाहिला आणि वहीत वेळ लिहिली. प्रशिक्षणार्थी तोवर उभे राहिले, कारण मंजुरीत ती अटही होती.

पुढे

बाईंचा आक्षेप इतिवृत्तात जसाच्या तसा आहे. त्यांचं म्हणणं, पेशंटला फायदा झाल्याचा पुरावा कार्यशाळेच्या व्हिडिओत नाही, आणि तो मिळेपर्यंत निव्वळ हाताच्या कौशल्यासाठीच्या प्रयोगांना ‘शक्यतो’ नाही म्हणणाऱ्या उपकलमाची अट पुरी झाली असं मानता येत नाही. सरांचं उत्तर, थोड्या प्रशिक्षणार्थींच्या पेशंटमध्ये गळतीचा फरक दिसणारच नाही. गळती मुळात कमी, त्यामुळे फरक दिसायला खूप शस्त्रक्रिया लागतील. दोघांचं म्हणणं मला खरं वाटतं, आणि म्हणूनच मी मंजुरी फक्त एका फेरीपुरती धरली.

नूतनीकरणासाठी विभागाने दोन गोष्टी आणायच्या आहेत. याच प्रशिक्षणार्थींनी नंतर वरिष्ठांच्या देखरेखीखाली माणसावर घातलेल्या पहिल्या जोडांचे नाव झाकलेले व्हिडिओ, आणि फक्त बॉक्सवर शिकलेल्या सहकाऱ्यांचे तसेच व्हिडिओ, एकाच परीक्षकाकडून तपासलेले. दोन्ही सारखे निघाले, तर सशांची मागणी नामंजूर करायची असं मी आणि बाईंनी आताच लिहून दिलं आहे. सरांनी त्याखाली सही केली आहे.